रेंजची धोंड

"होऽऽ… खांऽऽड! खांऽऽड होऽऽ!"

बापाची ही हाक नम्रतानं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सहा वर्षांची होती. जुनीखार गाव खाडीच्या पाण्यापेक्षा सखल. मधे मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे. अमावस्या-पुनवेच्या उधाणात बांध फुटला, की त्या फुटलेल्या तोंडाला खांड म्हणायचं. पुंडलिक बांधाचा राखणदार. तो बांधावरून एक शब्द सोडायचा आणि तो शब्द मिठागरांवरून, भातखाचरांवरून गावात शिरायचा. जेवणाऱ्याचा हात ताटात राहायचा, न्हाणारा ओल्या अंगानं पळत सुटायचा. फावडं, घमेलं, पेंढ्याचा भारा, ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन माणसं बांधाकडे धावायची. नम्रताची आई सीताबाई जात्यावर बसली की म्हणायची,

खाऱ्या पान्याच्या कडंला, बाप लेकीचा राखणदार
हाक आदी घरी येते, मागनं येते पानी खार

हाकेची रीत बापानं लेकीला शिकवली होती. "लांब हाक द्यायची तर शब्द एकच घ्यायचा गो. दोन घेतले की वाऱ्यात भांडतात. घशातनं नाय काढायची, पोटातनं काढायची. आनि खांड नसताना खांड बोलायचं नाय. कधीच नाय. एकदा खोटी दिलीस, की दुसऱ्यांदा कोन उठत नाय."

आता बांधाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सीताबाई गेल्यावर नम्रतानं बापाला पेणला, रामवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं, त्यालाही तीन वर्षं झाली.

नम्रता गणपतीच्या कारखान्यात आखणीला आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं अंग रंगवून झालं तरी मूर्ती आंधळीच असते, डोळा उघडतो तो शेवटी, केसाएवढ्या कुंचल्यानं. गटारी अमावस्येच्या त्या सकाळी तिच्यासमोर बेचाळीस आंधळे गणपती ओळीनं बसले होते, आणि पोरं एकमेकांना संध्याकाळच्या कोंबडीवरून चिडवत होती. अकरा वाजता शेजारच्या ऋतुजाचा फोन आला.

"नमूताई, बाबा तुझ्याकडं आलेत का? दाराला कुलूप हाय. दूधवाला सांगतो, सकाळपासनंच हाय."

नम्रतानं कुंचला पाण्यात ठेवला आणि बापाचा नंबर लावला.

"ज्या व्यक्तीशी आपण संपर्क साधू इच्छिता ती सध्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

हे वाक्य ती चार महिने रोज ऐकत होती, पण बापाच्या फोनमधून, दुसऱ्याच माणसाच्या नावानं.

त्या दुसऱ्या माणसाचं नाव हैबतराव. नागोठण्याच्या वर डोंगरात उंबरमाळ नावाची वाडी आहे, तिथला. पन्नास वर्षांपूर्वी पुंडलिक मिठाची गाडी घेऊन डोंगराकडे जायचा आणि मिठाच्या बदल्यात वाल घेऊन यायचा, तेव्हापासूनची दोस्ती. वाडीत रेंज नाही. म्हणून हैबतराव रोज ओढ्यावरचा साकव ओलांडून अलीकडे यायचा आणि टेकाडावरच्या काळ्या दगडावर चढायचा. त्या दगडाचं नावच रेंजची धोंड पडलं होतं. चार वाजता, ऊन असो पाऊस असो, फोन यायचा.

"काय रे खाऱ्या, जिता हायस का?"

"तुला पोचवल्याबिगर जातो व्हय, डोंगऱ्या!"

मग कामाचं बोलणं. वर पाऊस किती पडला, ओढा कुठल्या खुणेला लागला. पुंडलिक डोळे मिटून हिशोब घालायचा, की हे पाणी अंबा नदीतून खाली यायला किती वेळ लागेल, आणि त्याच वेळी खाडीची भरती असेल का. दोन्ही पाण्यांची गाठ पडणार असली, की बांधाची झडप, म्हणजे उघाडी, आधीच मोकळी करायला जुनीखारला कळवायचं. तीन वेळा गाव त्यानं वाचलं होतं. एका हातात डोंगर नि एका हातात दर्या धरून बसलेली ती दोन म्हातारी माणसं.

चैतात पुंडलिकाच्या छातीत कळ आली. पनवेलच्या दवाखान्यात तो काचेपलीकडे नळ्यांत निजलेला असताना नम्रताला सरूकाकीचा फोन आला. हैबतरावची बायको, आयुष्यात पहिल्यांदाच त्या धोंडेवर चढलेली.

"नमू गो… तुझं काका गेले. झोपेतच. सकाळी मी चहा घेऊन गेले तर…" मग नुसता वारा. "पुंडलिकदादांना आताच नको सांगू. त्यांचा जीव आदी सांभाळ."

डॉक्टरनंही तेच सांगितलं, धक्का नको. बाप घरी आला. चार वाजता फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, क्षेत्राच्या बाहेर आहे. बापानं नम्रताकडे पाहिलं आणि नम्रता म्हणाली, "वाऱ्यानं वरचा टावर पडलाय, बाबा. सगळ्या वाडीचे फोन बंद हायत."

एवढंच. बारावं झालं, तेरावं झालं, महिना झाला. उद्या सांगू, रविवारी सांगू, वजन जरा भरू दे मग सांगू. बाप रोज चारला फोन लावायचा, त्या बाईचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "टावर उभा करायला एवढे दिस लागतात व्हय? आमी एका भरतीत खांड बांधायचो."

आता त्याच बाईनं बापालाही क्षेत्राबाहेर नेऊन ठेवलं होतं.

अमावस्या. बाराला भरती. रात्रभर पाऊस. बाप कुठं जाणार? बांधावरच. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. नम्रतानं ऋतुजाची स्कूटी घेतली आणि जुनीखारचा रस्ता धरला. वाटेत चुलतभावाला, साहिलला, फोन केला. ती पोचेस्तोवर सात-आठ जण बांधावर पसरले होते. कोणीच विचारलं नाही की पुंडलिककाका बांध सोडून दुसरीकडे कुठं गेले असतील. उधाणाच्या दिवशी खारातला म्हातारा बांधाकडेच येणार, हे त्यांना भरतीच्या वेळेइतकं पक्कं ठाऊक होतं.

पाणी बांधाच्या कडेला टेकलं होतं. खारफुटीचे शेंडे तेवढे वर. साहिल काठीनं उघाडीपाशी पाणी ढवळत होता. एकदा काठीला काहीतरी मऊ लागलं. साहिलनं काठी टाकून दोन्ही हात पाण्यात घातले. ते पोतं निघालं. नम्रता तिथंच चिखलात बसली.

बापाचा फोन क्षेत्राच्या बाहेर. भाऊ निकेश नागोठण्याच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला, त्याचा फोन गेटावर जमा. तिनं त्याला नऊ वेळा लावला. बंद पेटीत वाजत राहिला असेल.

दीड वाजता तिचा फोन वाजला. रामवाडीच्या नाक्यावरचा मिथुन, मोबाईल रिचार्जवाला.

"ताई, ऋतुजानं रामवाडीच्या ग्रुपवर टाकलेलं वाचलं आता. काका सकाळी आठला माझ्याकडं आलेले. साधा बटनांचा फोन घेतला नि सिम घेतलं, त्या दुसऱ्या कंपनीचं. मला बोलले, डोंगरात या कंपनीची रेंज येते का रे? मी बोललो, येते. मग बोलले, दोस्ताला द्यायचाय. त्याचा टावर पडलाय."

नम्रता चिखलातून उठून उभी राहिली.

"ताई? ऐकू येतंय ना? नंबर पाठवतो मी. सिम तासा-दोन तासांत चालू होईल."

साहिलनं तिचा खांदा हलवला. "काय झालं गो?"

"डोंगरात गेलाय," ती म्हणाली. "मीच पाठवलाय."

साहिल म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, नको, भरती उतरली नाय अजून, तू बांध बघ. पेणच्या स्टँडवरून मिळाली ती एसटी तिनं पकडली. काचेवरून पाणी वाहत होतं. ती दर पाच मिनिटांनी दोन्ही नंबर लावायची. जुना, क्षेत्राच्या बाहेर. नवा, बंद. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक टॉवरकडे ती बघत होती. सगळे सरळ उभे होते. एकही पडलेला नव्हता.

नागोठण्यात उतरली तेव्हा तीन वाजत आले होते. अंबेचं पाणी लाल, फुगलेलं, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवत होते. उंबरमाळच्या पायथ्याकडे जायला एकही मिनीडोर रिक्षा तयार होईना. शेवटी रितेश नावाचा एक ड्रायव्हर तिच्याकडे बघून म्हणाला, "चप्पल कुठाय ताई तुमची?" तेव्हा तिला कळलं की चप्पल बांधाच्या चिखलातच राहिली.

"म्हातारं माणूस पाह्यलंत का सकाळी? धोतर, पांढरी टोपी, उंच?"

"पिशवीत मीठ होतं त्यांच्या?"

"मीठ?"

"मीच सोडलं त्यांना. साडेबारा झाले असतील. मी बोललो, आजोबा, डोंगरात काय मीठ मिळत नाय? तर बोलले, मिळतं रे, पन ते फुकटचं खारट." रितेशनं हसू गिळलं. "बसा. पैशाचं मागाहून बघू. वाटेतल्या मोरीच्या पुलावर पानी यायच्या आत सोडतो."

पायथ्याशी रस्ता संपला. रितेश गाडी वळवून तिथंच थांबला, आणि नम्रता पायवाटेनं चढू लागली. फोनच्या वरच्या कोपऱ्यात रेंजची एकही कांडी नव्हती. ती फोन डोक्यावर धरून चालली, बाया घागर नेतात तसा. एका वळणावर एक कांडी आली. तिनं नवा नंबर लावला.

वाजला.

वाजत राहिला. मग कोणीतरी तो उचलला. वारा, पाऊस आणि त्यातून मोठ्यानं, नव्या वस्तूशी बोलावं तसा आवाज:

"हॅलो! हा फोन हैबतरावचा हाय! तो आता इथं नाय! थोड्या येळानं करा!"

"बाबा!"

"कोन?"

"मी नमू. बाबा, तू हायस कुठं?"

"तुला हा नंबर कुठनं भेटला गो? अजून त्याला पन ठाव नाय." बापाच्या आवाजात पोरासारखा आनंद होता. "मी धोंडेवर हाय. चार कांड्या हायत नमू, चार! मिथुन बोलला ते खरं हाय. तुमच्या त्या टावरची वाट बघत बसलो असतो तर…"

"बाबा, तिथंच बस. मी येते. खालीच हाय मी, पंधरा मिनटांत येते."

"तू कशाला आलीस? डोळं काढायचं सोडून?" मग आवाज उतरला. "नमू, चार वाजून गेलं गो. चढून दम नाय राह्यला, म्हनून एक वाजल्यापासनं बसलोय. म्हटलं, चारला तरी येईल. टावर असो नसो, सवयीनं येईल. हैबत चार चुकवनारा मानूस नाय. काय तरी झालंय त्याला. मी साकवाकडं जातो."

"नको! बाबा, नको जाऊ!"

"पानी चढतंय. आता गेलो तर जाईन, मंग नाय जमायचं."

आता सांग. तिच्या आतून कोणीतरी म्हणालं. आता, या कांडीवर. पण डोळ्यांपुढे तो दिसला, उघड्या धोंडेवर एकटा, छातीवरची शिवण अजून ओली असल्यासारखी, आणि जवळ पाणी द्यायला कोणी नाही. तिची जीभ पुन्हा जुन्याच वाटेनं गेली.

"काका घरी नायत, बाबा. ते… ते रोह्याला गेलेत. लेकीकडं."

"रोह्याला?"

"व्हय. पाऊस कमी झाल्यावर येतील. म्हनून बोलते, तू तिथंच…"

"म्हंजे सरू एकटी हाय घरात? या पावसात?" बाप म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. आता तर जायलाच पायजे."

"बाबा, ऐक! ऐक माझं!"

फोन गप्प झाला होता. कांडी गेली होती. तिनं पुन्हा लावला, आणि ती बाई थंडपणानं तेच वाक्य म्हणू लागली, आणि नम्रता त्या बाईवर ओरडली, शिव्या दिल्या तिला, त्या मोकळ्या डोंगरात, आणि मग पळत सुटली.

पायाखाली शेवाळ. दोनदा पडली. गुडघा फुटला, फोन कुठल्या तरी करवंदीच्या जाळीत उडाला. तो उचलायला ती थांबली नाही. टेकाडावर धोंड दिसली, काळी, ओली, रिकामी. धोंडेच्या खोबणीत कापडी पिशवी होती, तोंड बांधलेली. आत मीठ. पलीकडे उतार, उताराखाली ओढा.

ओढा नव्हताच तो आता. तपकिरी, फेसाळ, दोन्ही काठांना खात चाललेलं पाणी. साकवाच्या फळ्यांवरून लाट जात होती आणि मधला बांबूचा कठडा तुटून लोंबत होता. पलीकडे, पावसाच्या पडद्याआड, उंबरमाळची कौलं. अलीकडे, साकवाच्या तोंडाशी, पांढरी टोपी. बापानं धोतर खोचलं होतं. एका हातात बटनांचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उंच धरलेला. दुसरा हात खांबावर.

"बाबाऽ! बाबाऽऽ, नको!"

पाण्यानं शब्द उचलून नेला. त्यानं मान वळवली नाही.

"काका नायत तिकडं! बाबाऽऽ! थांब!"

पाच शब्द. पाचही वाऱ्यात भांडून मेले. बापानं एक पाय फळीवर ठेवला. फळी हलली. तो थांबला, पाय चाचपला, पुढचा पाय उचलायला वाकला.

दोन घेतले की वाऱ्यात भांडतात गो.

नम्रतानं वाऱ्याकडे पाठ केली. ओढ्याच्या बाजूला तोंड केलं. पोटावर दोन्ही हात दाबले, आणि पोटातून, तिच्या जन्मात जी हाक तिनं कधी दिली नव्हती ती काढली.

"खांऽऽऽऽड! होऽऽ खांऽऽऽऽड!"

पुंडलिकाचं अंग ताठ झालं. त्यानं विचार केला नाही. तो विचार करायचा शब्द नव्हताच. उचललेला पाय मागं आला, दुसराही मागं आला, आणि तो गर्रकन वळला, तिच्याकडं नव्हे, आधी पश्चिमेकडं, खाडी असते त्या बाजूला. तिथं डोंगर होता. तो गोंधळला. मग टेकाडावरून घसरत येणारी लेक त्याला दिसली. त्याच्या पाठीमागं एक अख्खं झाड पाण्यातून आलं, साकवाला धडकलं, आणि मधल्या तीन फळ्या काड्यांसारख्या गेल्या. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो चढ चढत तिच्याकडे येत होता, धापा टाकत, मोकळा हात बाजूला काहीतरी शोधत होता. फावडं शोधत होता.

"कुठं?" तो ओरडला. "कुठं पडली गो खांड? उघाडीपाशी?"

ती त्याच्यापाशी पोचली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. दोघं चिखलात बसले. त्याचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं. ती मोजत होती, थांबतंय का बघत होती. थांबलं नाही.

"बोल की गो! गाव कुठाय? साहिल कुठाय? कोन बांधावर हाय का?"

"बांध शाबूत हाय, बाबा."

तो तिच्याकडं बघत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून टपकत होतं.

"मग हाक कोनी दिली?"

"मी."

"खांड नसताना?"

"नसताना."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागाच्याही पलीकडचं होतं. त्यानं मनगट सोडवून घ्यायला हात ओढला. तिनं सोडलं नाही. त्याच्या दुसऱ्या हातातला तो फोन पिशवीच्या आत मिणमिणत होता. बाप तिच्याकडून तुटलेल्या साकवाकडं बघू लागला, साकवावरून पलीकडच्या कौलांकडं. एका कौलावरून धूर निघत होता. सरूकाकीनं चूल पेटवली असेल.

"माझ्याकडं बघ, बाबा," नम्रता म्हणाली. "चारदा खोटं बोलले मी तुझ्याशी, चारशेदा बोलले. टावर पडला नव्हता. एक दिस पन पडला नव्हता. काका रोह्याला गेले नायत."

त्याचे ओठ तेवढे हलले, रोज चारला फोन उचलताना हलायचे तसे.

"तू पनवेलला नळ्यांत होतास. चैतात. झोपेत गेले. सरूकाकीनं त्या धोंडेवर चढून मला सांगितलं, नि मी तुला सांगितलं नाय. हैबतकाका गेले, बाबा. तिकडं कोन वाट बघत नाय."